चाळीस लिटर

मरोळ गावठाणात, क्रुसाच्या मागच्या बोळात
निळ्या ताडपत्रीखाली तो उभा होता:
कुत्र्यांचा हायड्रोबाथ, फायबरचा, फिक्या पिस्त्याच्या रंगाचा,
एका कुशीला तडा, तड्यावर एम-सील
शिवण न येणाऱ्याने घातलेल्या टाक्यासारखं.

ब्रिजेट बुथेलो म्हणाली, पंप चांगला हाय.
मोटर मागच्या वर्षी रिवाइंड केली.
आणि मग, माझ्याकडे न बघता,
कुत्रा केवढा?
चोपन्न किलो, मी म्हटलं, मागचे पाय अधू. नाव हप्ता.
घराच्या कर्जाचा शेवटचा भरून आले
त्या संध्याकाळी जिन्यात बसला होता.
ती हसली नाही.
बावीस वर्षं ती अशी नावं वहीत लिहीत आली होती,
नावापुढे वजन, वजनापुढे चावतो की नाही.

मी घरून ठरवून निघाले होते, आठ हजार,
वर एक पै नाही.
ती बारावर.
मी तड्यावर बोट ठेवलं.
तिने नळी तोंडाला लावून फुंकून दाखवली,
कुठूनही हवा जात नव्हती.
मग जाळी काढली, तीही दाखवायला,
आणि जाळीत केस निघाले:
पांढरे, करडे, आणि तांबूस.
"साफ केलती मी," ती म्हणाली. "हे कुठून आले?"
एकेक ओढून काढत राहिली बराच वेळ.
पांढरे झटकले, करडे झटकले,
तांबूस मात्र झग्याच्या खिशात गेले.
मी भाव करायचं विसरले.
ती नाही विसरली.
दहा, म्हणाली. टॉवेल वर फुकट.

पवईच्या रस्त्याने टेम्पो निघाला मुलुंडला,
सिग्नलला एका पोराने विचारलं, काकी, होडी हाय का?
लिफ्टमध्ये मावेना.
शकूर आणि त्याचा भाचा तीन मजले
प्रत्येक वळणावर माझ्या खानदानाचा उद्धार करत चढले,
आणि बाथरूमशी येऊन थांबले.
दार चोवीस इंच.
टब साडेपंचवीस.
चौतीस वर्षं बँकेत पैशापैशाचा हिशेब जुळवला मी,
आणि जाताना पर्समध्ये टेप नव्हती.

मग गॅलरीत.
तुळशीची कुंडी सरकली, सायकल खाली गेली,
सेक्रेटरी वर्तक येऊन वाकून बघून गेले,
पाणी किती लागतं म्हणाले.
चाळीस लिटर, मी म्हटलं, तेच तेच फिरतं.
तेच तेच? ते म्हणाले, आणि नाकाला रुमाल लावला.
त्यांना कशाला सांगू,
आजवर सतरा बादल्या लागत होत्या,
साडेसातला नळ जायचा, हप्ता अर्धा साबणात,
आणि माझे गुडघे फरशीवर त्याच्या पायांइतकेच अधू.

रविवारी फळीवरून चढवला त्याला.
चढला कसला, मी ढकलला, तो कण्हला, मीही.
पंप सुरू झाला तसा
कान पाडून, शेपूट पोटाशी घेऊन उभा राहिला,
कोर्टात उभं केल्यासारखा.
कोमट धार पाठीवरून खाली आली, कंबरेशी पोचली,
जिथे गेली दोन वर्षं तो हात लावू देत नाही.
मी थांबले. पंप थांबला नाही.
त्याने हळूच सगळं वजन
चोपन्न किलो
माझ्या छातीवर टेकवलं,
आणि मी गॅलरीच्या कठड्याला पाठ लावून
तसंच्या तसं त्याला पेललं,
भिजत.

दुपारी जाळी उघडली.
हप्त्याचे मातकट केस, मूठभर,
आणि त्यात एक तांबूस, लांब, कुरळा.
ब्रिजेटला फोन लावला. अजून एक निघाला.
पलीकडे कुठेतरी कुकरची शिटी झाली.
"कानामागचा असंल," ती म्हणाली.
"तितला लई गळायचा तिचा."
मी विचारलं, पाठवू का?
"नको." मग पुन्हा, "नको, राहू दे आत."

आणि फोन ठेवताठेवता
एकदम धंद्याच्या आवाजात:
"मोठ्या कुत्र्याला एकच फेरी हां.
ते पानी दुसऱ्याला वापरू नको."

दुसरा कोणी नाही माझ्याकडे,
हे मी तिला सांगितलं नाही.
टॉवेल वाळत घातले. सहाच्या सहा.